दुष्काळातील इमारत

लखनौचा बडा इमामबाडा पाहावयास जाणारा प्रवासी भूलभुलैयाच्या हौसेने जातो. त्या भिंती कोणत्या आपत्तीत उभ्या राहिल्या, हा विचार त्याच्या मनास क्वचितच शिवतो. विक्रम संवत १८४०, म्हणजे इ. स. १७८३-८४ मध्ये, उत्तर हिंदुस्थानात पावसाने दगा दिला. संवताच्या आकड्यावरून लोकांनी त्या दुष्काळास ‘चालिसा’ म्हटले. अवधचा नवाब आसफुद्दौला याने १७८४ मध्ये इमामबाड्याचे काम काढले. ते दुष्काळ ओसरल्यावरही काही वर्षे चालूच राहिले. जवळचा रूमी दरवाजाही त्याच वेळचा.

सुमारे ५० मीटर लांब व १६ मीटर रुंद असे मुख्य दालन, आणि त्याच्या छतास मध्ये ना खांब, ना तुळई! परंतु दुष्काळाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते विटांना आणि चुन्याला. विटा भाजणे, चुना मळणे, सुरकी कुटणे, पाणी वाहणे ही कामे अकुशल हातांची; जितके हात, तितक्या चुली.

दिवसा बांधलेले रात्री पाडले जाई, आणि ते पाडण्यास तोंड लपवून सरदार-उमराव येत, अशी दंतकथा आहे. इतिहासाच्या कसोटीस ती उतरो वा न उतरो, भुकेला लाजही असते हे लोकस्मृतीने त्यात नेमके टिपले आहे.

त्याच सुमारास पाटण्यास वॉरन हेस्टिंग्जच्या आज्ञेने गोलघर हे प्रचंड धान्यकोठार बांधले जात होते. ते १७८६ मध्ये पुरे झाले. एकाने धान्याचा साठा पाहिला, दुसऱ्याने मजुरी. बाजारात धान्य असूनही ते घेण्याची ऐपत नसेल तर माणूस उपाशी मरतो, हे अमर्त्य सेन यांनी पुढे १९८१ मध्ये सविस्तर मांडले. त्या अर्थाने लखनौची वाट अधिक डोळस म्हटली पाहिजे.

महाराष्ट्र त्याच वाटेने गेला. १९७२-७३ च्या अवर्षणात खडी फोडण्याच्या व बंधाऱ्यांच्या कामांवर एका वेळी सुमारे ५० लक्ष माणसे राबत होती. शेतकऱ्याच्या घरची सून मजुरिणीशेजारी बसली. रेशनवर मिलो आली, कामावर सुकडी वाटली गेली. तरीही खडी फोडावयास अंगात बळ लागते. जख्ख म्हातारा, ओली बाळंतीण, पांगळे मूल यांना हजेरीपटावर जागा नसते, आणि घरात कमावता हात नसेल तर कामाची योजना त्या दारावरून पुढे निघून जाते. निराधारांना कामाविना अन्न देण्याची सोय म्हणूनच वेगळी करावी लागते.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या रोजगार हमीस १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणे हा त्यात हक्क ठरला. २००५ मध्ये संसदेने हेच तत्त्व देशभर लागू केले. नवाबाच्या मर्जीची जागा कायद्याने घेतली. आणि महाराष्ट्रात त्याचा खर्च भागविण्यासाठी १९७५ पासून शहरातील नोकरदाराच्या पगारातून व्यवसाय कर कापला जाऊ लागला.