बंदीचे दोन महिने गुडघ्यांना द्या: मालिश कशी करायची, कधी अजिबात नाही



१ जूनला बोटी किनाऱ्याला लागल्या की आठ-पंधरा दिवसांत आळीआळीत एकच तक्रार ऐकू येते, "गुडघा धरलाय." मोसमात दुखणं अंगावर काढलेलं असतं, बंदी लागली की ते बोलायला लागतं. मग कुणी तेलाची बाटली काढतं, कुणी मालिशवाल्याला बोलावतं, कुणी मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी आणतं.

मालिशनं गुडघा बरा होतो का? खरं उत्तर असं की दुखणं कमी होतं, पण झिजलेला सांधा भरून येत नाही. हे नीट समजून घेतलं तर मालिशचा पुरेपूर फायदा घेता येतो. नाहीतर आजार वाढत जातो आणि आपण तेल चोळत बसतो.

आपलेच गुडघे का जातात?

डुमस, हजिरा भागात खंभातच्या आखाताची भरती-ओहोटी मोठी. ओहोटीला गाळ तुडवत जायचं, पाय रुतला की उपसताना गुडघा पिळतो. खाली उमरगाव, झाई, डहाणूकडे डोल ओढताना हलत्या बोटीवर तासन्‌तास गुडघे वाकवून तोल सांभाळायचा. बायांचं काम तर त्याहून कठीण. पहाटे उकिडवं बसून मासळी निवडायची, डोक्यावर पाटी घेऊन चालायचं आणि बाजारात पुन्हा पाटावर बसायचं. वर्षानुवर्षं उकिडवं बसणं आणि ओझं उचलणं, दोन्हींमुळे गुडघ्याची झीज लवकर होते. वजन वाढलेलं असेल तर आणखी भर. अभ्यास सांगतो की शरीराचं १ किलो वजन कमी झालं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोनं उतरतो.

सांध्याच्या टोकाला गुळगुळीत कूर्चा असते, लोक तिला गादी म्हणतात. ती झिजली की सांधा दुखतो. दुखतो म्हणून आपण पाय कमी वापरतो, मग मांडीचे स्नायू आखडतात आणि बारीक होतात. स्नायू कमजोर झाले की सगळा भार पुन्हा सांध्यावर, आणि दुखणं आणखी वाढतं. मालिश मदत करते ती इथे. आखडलेला स्नायू सैल होतो, पाय हलवायला सोपा जातो, थोडा वेळ दुखणं विसरायला होतं. कूर्चा मात्र तेलानं परत येत नाही. मग ते तेल तिळाचं असो, खोबरेल असो की हजार रुपयांचं.

अभ्यासात काय दिसलं?

अमेरिकेत डॉ. अ‍ॅडम पर्लमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या झिजेवर मालिश देऊन पाहिली. २००६ साली ६८ जणांवर, २०१२ साली १२५ जणांवर आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २२२ जणांवर. शेवटच्या अभ्यासात एका गटाला आठवड्यातून एकदा, एक तास, अशी ८ आठवडे संपूर्ण अंगाची मालिश दिली. दुसऱ्या गटाला नुसता हलका हात लावला, तिसऱ्याचे नेहमीचेच उपचार चालू ठेवले. ८ आठवड्यांनी मालिशवाल्या गटाचं दुखणं आणि आखडलेपण सगळ्यांत जास्त कमी झालं होतं. पण वर्षभरानं पाहिलं तेव्हा गटांमध्ये ठळक फरक उरला नव्हता.

म्हणजे मालिश खरंच काम करते, पण एकटी पुरत नाही. ब्रिटनच्या आरोग्य संस्थेनं २०२२ साली डॉक्टरांना हेच सांगितलंय: गुडघ्याच्या झिजेवर पहिला उपाय व्यायाम आणि वजन कमी करणं, हातानं करायचे उपचार फक्त व्यायामाच्या जोडीला.

आता हिशेब बघा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै बंदी म्हणजे ६१ दिवस, ८ आठवड्यांपेक्षा थोडे जास्तच. वर्षात गुडघ्याला सलग वेळ देता येतो तो याच दिवसांत. फक्त जाळी शिवायला दिवसभर मांडी घालून बसू नका. खुर्ची घ्या, अर्ध्या तासानं उठा, चार पावलं चाला.

घरच्या घरी १० मिनिटं

१. भिंतीला टेकून पाय पुढे सोडून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. तेल हाताला सोसेल इतपतच कोमट करा.

२. सुरुवात मांडीपासून. तळहातानं गुडघ्याकडून वर जांघेच्या दिशेनं १५-२० वेळा हात फिरवा. मग मांडीचा स्नायू कणीक मळल्यासारखा हळूहळू मळा. अर्धा वेळ मांडीलाच द्या.

३. गुडघ्याच्या वाटीच्या कडेकडेनं अंगठ्यानं छोटे गोल फिरवा. वाटीवर जोर नको. गुडघ्यामागच्या खळग्यात दाबायचं नाही, तिथून मोठ्या रक्तवाहिन्या जातात.

४. पोटरीवर हलक्या हातानं, घोट्याकडून वर.

"कडाकडा मोडल्याशिवाय बरं वाटत नाही" हा समज सोडा. दुखून माणूस ओरडला म्हणजे मालिश चांगली झाली असं नसतं.

त्यानंतर लगेच व्यायाम. टॉवेलची गुंडाळी गुडघ्यानं खाली दाबा, ५ मोजा, सोडा. असं १० वेळा. मग पाय सरळ ठेवून वीतभर वर उचला, ५ मोजा, खाली. हेही १० वेळा. शेवटी खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, जमेल तेवढं. मालिशनं सैल झालेला पाय व्यायामाला साथ देतो आणि व्यायामानं आलेली ताकद पुढे टिकते. मोसमात बोटीवर मालिशला वेळ मिळाला नाही तरी चालेल, व्यायाम सोडू नका.

आखडल्यासारखं वाटत असेल तर गरम शेक. सुजलं असेल तर बर्फ. तो आपल्याकडे कमी नाही, पण कपड्यात गुंडाळून १०-१५ मिनिटंच, थेट कातडीवर नको. मधुमेहामुळे पायाला बधिरपणा असेल तर शेक अजिबात नको. चटका बसलेला कळत नाही.

तेलाला हात लावण्याआधी हे पाहा

गुडघा लाल, गरम, सुजलेला आणि अंगात ताप: सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. मालिश नाही, त्याच दिवशी दवाखाना. पाकटीचा किंवा शिंगाळ्याचा काटा लागलेल्या पायाला तर जास्तच जपा.

एकाच पायाची पोटरी अचानक सुजली, दुखते, गरम लागते: रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्यानं ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं.

बोटीवर घसरून मार लागला आणि पायावर उभं राहवत नाही: आधी एक्स-रे, हाडवैद्य आणि मालिशवाला नाही.

सकाळी तासाभराहून जास्त आखडलेपण, दोन्ही हातांची बोटंही सुजलेली: हा संधिवात असू शकतो. तो झिजेपेक्षा वेगळा आजार आहे. त्याला रक्ततपासणी आणि नियमित औषध लागतं. सुरुवातीचे महिने मालिशीत घालवले तर सांधे कायमचे वाकडे होतात.

रात्रीतून अंगठा किंवा गुडघा ठणकून लाल होणं: गाऊट असू शकतो. दारू आणि तारलीसारखी मासळी त्यात भर घालते.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच मालिश.

गोळ्यांचं काय?

दुखायच्या गोळ्या रोज, उपाशीपोटी, उन्हात, कमी पाणी पिऊन घेणं हे आपल्या बोटींवर सर्रास चालतं. त्यानं पोटात जखम होते, मूत्रपिंड खराब होतं. गुडघ्यासाठी आधी वरून लावायचं वेदनाशामक जेल डॉक्टरांना विचारून वापरून पाहा. आणि "एका पुडीत आराम" देणाऱ्या बिननावाच्या चूर्णापासून लांब राहा. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. आराम लगेच पडतो, पण पुढे साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

तपासून घ्यायचं तर सुरतेत मजुरा गेटचं नवं सिव्हिल हॉस्पिटल आहे, उमरवाड्यात महापालिकेचं स्मीमेर आहे. हाडांच्या विभागात दाखवा आणि फिजिओथेरपीचे व्यायाम समोर करून घ्या. बंदीतच जा, मोसम लागला की कुणाला वेळ नसतो.

आणि नाखवा मंडळींना एक विनंती. बोटीच्या इंजिनाचं काम बंदीत करून घेता, तशी खलाशांच्या गुडघ्यांचीही एकदा चौकशी करा. घरात मासळी निवडणाऱ्या बाईला फूटभर उंचीचं स्टूल आणून द्या. उकिडवं बसणं कमी झालं तर तिच्या गुडघ्यावरचा ताणही कमी होईल.

घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना हे वाचून दाखवा, बोटीच्या ग्रुपवरही टाका.