भीड आणि जामीनकी



‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण आपल्याकडील वडील माणसें पिढ्यान् पिढ्या सांगत आलीं आहेत. पण भीड मोडावी कशी, हें मात्र कोणी शिकवीत नाहीं. मुलांना आपण पाढे शिकवितों, वडीलधाऱ्यांपुढें नम्र होण्यास शिकवितों. परंतु जेथें नकार देणें हेंच कर्तव्य असतें तेथें तो कसा द्यावा, हें शिकविण्याचें काम आपण अनुभवावर सोंपवितों. आणि अनुभव हा गुरु फी फार जबर घेतो. या भिडेचा एकच प्रकार आज विचारासाठीं घेतों. तो म्हणजे दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहणें.

प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. कचेरींतील सोबती, शेजारी किंवा साडूचा मुलगा संध्याकाळीं घरीं येतो. चहा होतो, मुलांची चौकशी होते आणि मग पिशवींतून पतपेढीचा छापील कागद निघतो. “फक्त सही हवी आहे. पैसे तुम्हांला थोडेच द्यावयाचे आहेत?” सारा घोटाळा या ‘फक्त’ शब्दांत आहे.

जामीनकीसंबंधीं नियम १८७२ सालच्या भारतीय करार कायद्यांत आहेत व तो कायदा आजहि चालू आहे. त्याच्या १२६ व्या कलमाप्रमाणें जामीनकी म्हणजे तिऱ्हाइतानें आपलें वचन मोडल्यास तें पाळण्याचा किंवा त्याचें देणें फेडण्याचा करार. १२८ वें कलम सांगतें कीं, करारांत निराळें ठरलें नसेल तर जामिनाची जबाबदारी ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. म्हणजे ती केवळ मुद्दलापुरती नव्हे. व्याज आणि खर्चहि तींत येतो.

यावर कित्येकांचा समज असा असतो कीं, सावकारानें आधीं ऋणकोवर इलाज करावा, तेथें कांहीं हातीं न लागल्यास मग जामिनाकडे यावें. हा समज खरा नाहीं. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यांत १९६८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, ऋणकोविरुद्धचे सर्व उपाय संपेपर्यंत धनकोनें थांबलेंच पाहिजे असें नाहीं. त्याचप्रमाणें ‘जामीन दोघे आहेत, तेव्हां माझ्या वांट्यास निम्मेंच येईल’ ही समजूतहि फसवी आहे. धनको एकाच जामिनाकडे पुरी रक्कम मागूं शकतो. दुसऱ्याचा वांटा त्याच्याकडून वसूल करण्याची यातायात ज्यानें भरणा केला त्यानें करावयाची. सहकारी पतपेढीचें कर्ज असेल, तर महाराष्ट्रांत १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या १०१ व्या कलमान्वयें वसुलीचा दाखला मिळतो व थकबाकी जमीन महसुलाप्रमाणें वसूल होऊं शकते.

कायद्यानें जामिनाला अगदींच वाऱ्यावर सोडलें आहे असें नव्हे. त्याच्या संमतीवांचून कराराच्या अटी बदलल्या, तर बदलानंतरच्या व्यवहारांतून तो मोकळा होतो. त्यानें रीतसर भरलेली रक्कम ऋणकोकडून परत मागण्याचा हक्क १४५ व्या कलमानें त्याला दिला आहे. पण ज्याच्याजवळ पतपेढीला द्यावयास पैसा उरला नाहीं, तो जामिनाला कोठून देणार? आणि कर्ज उचललें गेल्यावर, मन बदललें एवढ्यावरून त्या कर्जाची सही मागें घेतां येत नाहीं. म्हणून विचार करावयाचा तो सहीपूर्वींच.

हा विचार करण्याचे कांहीं साधे नियम सांगतों. पहिला नियम असा कीं, सही करण्यापूर्वीं ‘ही सगळी रक्कम उद्यां मलाच भरावी लागली, तर संसार न मोडतां भरतां येईल काय?’ असें स्वतःस विचारावें. उत्तर होकारार्थी असेल तर आनंदानें सही करावी. ती मदतच आहे. उत्तर नकारार्थी असेल तर ती सही आपली एकट्याची राहत नाहीं. तिच्यांत मुलीच्या शिक्षणाचे व पत्नीच्या औषधपाण्याचे पैसे गहाण पडतात, आणि त्यांना कोणी विचारलेलें नसतें.

दुसरा नियम, त्याच बैठकींत उत्तर देऊं नये. कागद वाचण्यास ठेवून घ्यावा आणि घरांत विचारविनिमय करावा. जामीनकी कोणासाठीं व किती रकमेपर्यंत करावयाची, हें पतिपत्नींनीं आधींच ठरविलें असेल तर फारच उत्तम.

तिसरा नियम, नकार थोडक्यांत व खरा असावा. सबब जितकी लांब, तितकी ती खोडून काढण्यास जागा अधिक. ‘पाहूं’, ‘पुढच्या महिन्यांत बघूं’ असें म्हणणें हें सौजन्य नव्हे. त्यामुळें गरजवंत माणूस दुसरी वाट शोधावयाचें थांबतो. “दादा, तुमच्या सचोटीविषयीं मला शंका नाहीं; पण एवढी जोखीम माझ्या घराला झेपणारी नाहीं,” एवढें पुरे आहे. शक्य असल्यास, परत आली नाहीं तरी चालेल अशी लहानशी रक्कम हातावर ठेवावी.

माणूस दुखावेल, ही धास्ती खोटी नाहीं. परंतु हप्ते थकल्यावर तोच मित्र आपल्याला पाहून रस्ता बदलतो, हें किती घरांनीं पाहिलें आहे! नकाराचा रुसवा बहुधा कांहीं महिन्यांत निवळतो. बुडालेल्या कर्जाचा दुरावा मात्र पुढच्या पिढीपर्यंत पोंचतो. स्नेह टिकवावयाचा असेल, तर कधीं कधीं ‘नाहीं’ म्हणणें हाच त्याचा उपाय आहे.