वॅट म्हणजे उजेड नव्हे

वळसंगच्या आमच्या घरी अम्मीच्या खाटेशेजारी एक टेबल लॅम्प आहे. पितळी दांडा, वर कापडी शेड. अम्मीचे वय अठ्ठ्याहत्तर. मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले, पण रात्री गोधडीला टाके घालायची हौस गेलेली नाही. लॅम्पच्या दांड्यावर चिठ्ठी चिकटवलेली आहे : ‘जास्तीत जास्त ४० वॅट’. काही वर्षांपूर्वी अम्मीला नीट दिसेना म्हणून मीच त्यात १०० वॅटचा बल्ब घातला. आठवडाभरात शेड आतून तपकिरी झाली आणि एका रात्री जळक्या कापडाच्या वासाने जाग आली. खाटेवर चिंध्यांचा ढीग होता. थोडक्यात निभावले. बी.ए.ला वॅट शिकवत नाहीत हे खरे, पण चिठ्ठी तर वाचता येत होती! पुढे होल्डर आणि वायर बदलून घेतली.

परवा सूनबाईने एलईडी बल्ब आणला. खोक्यावर ठळक अक्षरे : ‘६० वॅटइतका प्रकाश’. शेजारचे अण्णा म्हणाले, ‘‘भाई, चिठ्ठी चाळीसची हाय अन् तुम्ही साठचा लावायलाव व्हय?’’

अण्णांची शंका रास्त होती. वॅट हे उजेडाचे माप नाही; बल्ब किती वेगाने वीज खातो, त्याचे आहे. जुना तारेचा बल्ब शंभरातली जेमतेम पाच टक्के वीज उजेडाला देई, उरलेली सारी उष्णतेत जाई. चिठ्ठीवरचा आकडा म्हणजे होल्डर, वायर आणि शेड यांना सोसणाऱ्या उष्णतेची हद्द. तेव्हा ताडून पाहायचा तो बल्बचा स्वतःचा वॅट. तो खोक्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत होता : ९ वॅट. साठ ही नुसती तुलना. चाळीसच्या हद्दीत नऊ म्हणजे पुष्कळच आत.

उजेड मोजायचा तो ल्युमेनमध्ये. जुना ६० वॅटचा बल्ब सातशेच्या आसपास ल्युमेन देई. आजचा ९ वॅटचा एलईडी आठशे-नऊशे देतो. २०१५ साली सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत हेच ९ वॅटचे बल्ब स्वस्तात घरोघर पोचले. (आपल्याकडच्या ‘झिरो’ बल्बचीही अशीच गंमत. तो बहुधा १५ वॅटचा असे. जुन्या चकतीच्या मीटरला तेवढा भार जाणवत नसे, म्हणून तो शून्य!)

मग कोणी म्हणेल, हद्द चाळीसची आहे तर ४० वॅटचाच एलईडी लावू. तसे करू नये. एलईडीची काच फारशी तापत नाही, पण त्याची उष्णता खाली मानेत उतरते आणि तिथेच त्याचे नाजूक सर्किट असते. हवा खेळली नाही तर ते शिजते. सोलापूरचा मे महिना आधीच बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचा. त्यात शेड बंद असेल तर मोठा बल्ब लवकर जातो. शिवाय तो जड असतो, लॅम्प कलंडतो आणि डोळे दिपतात ते वेगळेच. वाचायला, शिवायला ७ ते ९ वॅट पुरे. नजर फारच अधू असेल आणि शेड वरून-खालून उघडी असेल तर १२. चहूबाजूंनी बंद गोळ्यात लावायचा असेल, तर तसे चालते असे खोक्यावर लिहिलेले हवे.

दुकानात आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. बीआयएसची नोंदणी-खूण आणि बल्बचे बूड. घरातले होल्डर बहुधा दोन पिनांचे, टेबल लॅम्पचे मात्र पुष्कळदा आट्यांचे असतात. रंग पिवळसर, २७०० ते ३००० केल्विनचा घ्यावा. रात्री डोळ्यांना तो बरा.

आणि बल्ब बदलताना नुसते बटण बंद करून भागत नाही. दोन पिनांचा प्लग उलटाही बसतो. तसा बसला असेल, तर लॅम्पचे बटण बंद असूनही होल्डरमध्ये वीज राहू शकते. प्लगच उपसून ठेवावा. हे अण्णांनाही पटले.

तीन आठवडे झाले, ९ वॅटचा बल्ब लागला आहे. तासाभराने शेडला हात लावून पाहिला, कोमटही नव्हती. ती करपलेली शेड मात्र अम्मीने बदलू दिली नाही. डागावर गोधडीच्याच कापडाचे एक ठिगळ लावले आहे, बाहेरून. बल्बपासून ते चार बोटे लांब आहे, हे मी मोजून पाहिले.