शेक संपल्यानंतर

शेवटचा शेक घेऊन आलेल्या दादाने देवापुढे पेढे ठेवले, ती संध्याकाळ मला अजून आठवते. स्वरयंत्राच्या कर्करोगासाठी सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस किरणोपचार झाले होते. "सुटलो रे बाबा!" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. आम्हालाही तसेच वाटले.

चौदा महिन्यांनी आवाज पुन्हा बसला. घास गिळताना कान ठणकू लागला, तोंडाला वास येऊ लागला. मग एका रात्री श्वास घेताना गळ्यातून शीळ वाजावी तसा आवाज यायला लागला. वहिनींनी आणि मी एकमेकांकडे पाहिले. दोघांच्या मनात एकच शब्द होता. उच्चारला मात्र कुणीच नाही.

रुग्णालयात पहिली धडपड श्वासासाठी होती. गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवली, तेव्हा दादाचा चेहरा निवळला. मग दुर्बिणीतून तपासणी झाली, स्कॅन झाले, जपून छोटा तुकडाही तपासला. कर्करोग सापडला नाही. स्वरयंत्राची कूर्चाच मरू लागली होती, आणि तीही शेकामुळे.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावले. किरण कर्करोगाच्या पेशी मारतात, पण आसपासच्या बारीक रक्तवाहिन्याही त्यांनी आक्रसतात. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. वरच्या पातळ आवरणातूनच ती पोसली जाते. हा पुरवठा आटला की काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही, साधी जखम भरेनाशी होते आणि जंतू शिरतात.

"आणि धूर पूर्ण बंद," ते म्हणाले. मी मान खाली घातली. दादा गच्चीवर चोरून सिगारेट ओढतो, हे मला सहा महिने ठाऊक होते. आजारी माणसाचे मन कशाला मोडा, म्हणून गप्प बसलो होतो.

सूज उतरवायला स्टेरॉइड, जोडीला प्रतिजैविके, दमट हवा आणि नाकातल्या नळीने अन्न असे उपचार सुरू झाले. शिवाय पाणबुड्यांना त्रास झाल्यावर ठेवतात तशा बंद कक्षात, दुपटीहून अधिक दाबाखाली शुद्ध प्राणवायू; दीड-दीड तास, अशा तीस बैठका. रक्तात जास्त प्राणवायू विरघळतो आणि नव्या केशवाहिन्या फुटायला मदत होते, ही त्यामागची कल्पना. प्रत्येकाला गुण येतोच असे नाही. काहींचे स्वरयंत्र शेवटी काढावे लागते, हेही डॉक्टरांनी आधीच सांगितले.

दादाचे वाचले. नळी अजून आहे आणि तपासण्याही चालूच आहेत. बोलताना तो नळीवर बोट ठेवतो. पहिल्यांदा तसे बोट ठेवून तो मला म्हणाला, "तू हिला सांगायला हवं होतंस."

शेक संपला की पेढे जरूर वाटा. पण नंतर आवाज बदलला, गिळताना दुखले, तर वाट पाहू नका. श्वासाला शीळ आली तर त्याच रात्री रुग्णालय गाठा. आणि गच्चीवरचा धूर दिसला, तर माझ्यासारखे गप्प बसू नका.