चितळाच्या लेंडीत उतरलेली भीती

नागझिऱ्याच्या रानात झाडावरचं वानर खाकरलं, की खाली चरणारा चितळांचा कळप एकदम माना वर करतो. कान टवकारतात, शेपट्या उभ्या राहतात, पुढचा खूर जमिनीवर आपटतो. पर्यटकाला दिसतं ते एवढंच. कातडीखाली त्याच वेळी फार मोठी उलथापालथ चाललेली असते. ॲड्रिनल ग्रंथी रक्तात ॲड्रिनालिन सोडतात. हृदय धडधडू लागतं, यकृतातली साखर रक्तात उतरते, पोटाकडे जाणारं रक्त पायांच्या स्नायूंकडे वळतं. प्लीहा आकसते आणि तिने राखून ठेवलेल्या तांबड्या पेशी कामाला लागतात. रवंथ थांबतं. काही मिनिटांतच कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं. वाढ, प्रजनन, रोगप्रतिकार ही सावकाशीची कामं ते मागे सारतं, कारण आधी जीव वाचायला हवा.

वाघ निघून गेला की हे सगळं ओसरतं आणि कळप पुन्हा चरू लागतो. वाघासोबतच घडलेल्या या शरीराला अशी घटकाभराची भीती बाधत नाही. बाधते ती ओसरायला सवडच न मिळणारी भीती.

कॅनडाच्या युकॉन भागात मायकेल शेरीफ, चार्ल्स क्रेब्ज आणि रुडी बूनस्ट्रा यांनी गाभण सशांवर केलेला प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. कुंपणातल्या माद्यांसमोर एक शिकवलेला कुत्रा एक-दोन मिनिटांसाठी आणला जाई, तोही एक दिवसाआड. तो कुणाला चावला नाही. तरी त्या माद्यांची वीण घटली, आणि जी पिल्लं जन्मली ती वजनाने हलकी, अंगाने लहान होती. दोन वर्षांनी शास्त्रज्ञ लियाना झॅनेट यांनी चिमणीसारख्या एका छोट्या पक्ष्यावर असंच काम केलं. घरट्यांना जाळ्या लावून शिकारी आत शिरणार नाहीत याची व्यवस्था केली आणि शिकाऱ्यांचे फक्त आवाज ऐकवले. त्या हंगामात पिल्लं ४० टक्क्यांनी कमी निघाली. शिकाऱ्याने मारलेली जनावरं मोजून त्याचा परिणाम पुरता कळत नाही, हे या प्रयोगांनी दाखवून दिलं.

प्रत्येक वेळी दोष कॉर्टिसॉलचाच असतो असंही नाही. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या परिसरात लांडगे परतल्यावर शास्त्रज्ञ स्कॉट क्रील यांना एल्क हरणांच्या माद्यांमध्ये कॉर्टिसॉल वाढलेलं आढळलं नाही, पण गर्भधारणेला लागणारं प्रोजेस्टेरॉन घटलेलं आढळलं. त्यांच्या मते सावध राहण्यात चरणं कमी झालं आणि उपासमारीने गर्भ राहिना. यावर शास्त्रज्ञांत वाद झाला, आणि तो रास्तच होता. रानातली भीती प्रयोगशाळेइतकी सोपी नसते.

नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प डिसेंबर २०१३ मध्ये जाहीर झाला. मे २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी भागातून दोन वाघिणी इथे आणून सोडल्या. बिबटे आणि रानकुत्रे आधीपासून होतेच. मला या वाघिणींमुळे चितळांची काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती नवेगाव आणि नागझिऱ्याच्या मधून जाणाऱ्या मुंबई-कोलकाता महामार्गाची आणि रानाच्या कडेला मोकाट फिरणाऱ्या गावकुत्र्यांची. कुत्र्यांनी दूरवर पिटाळलेलं हरीण एकही चावा न बसता काही तासांनी किंवा दिवसांनी मरू शकतं. अतिश्रमाने स्नायू फाटतात, त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडांत अडकतं आणि ती बंद पडतात.

ही भीती जनावराला हातही न लावता मोजता येते. कॉर्टिसॉलचे अवशेष विष्ठेत उतरतात. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी कान्हा आणि बांधवगडच्या वाघांची विष्ठा तपासली. त्यांचा अभ्यास २०१९ मध्ये आला: पर्यटकांची वाहनं वाढली, की वाघांमधली ताणाची संप्रेरकंही वाढतात. वाघाची ही गत असेल, तर चितळाच्या लेंड्याही तपासायलाच हव्यात. नागझिऱ्यात महामार्गाजवळच्या आणि आतल्या रानातल्या लेंड्या दर हंगामात गोळा करून हे काम सुरू व्हावं.

२०२३ मध्ये झॅनेट यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर परिसरात पाणवठ्यांजवळ ध्वनिक्षेपक लावले. सिंहांच्या आवाजापेक्षा माणसांचं साधं बोलणं ऐकून प्राणी पळण्याची शक्यता दुप्पट होती. तेव्हा नागझिऱ्यात चोरखमारा किंवा पिटेझरीच्या फाटकातून जिप्सी आत शिरली, की बोलणं थांबवा. आणि कळपाने माना वर केल्या, तर फोटोसाठी गाडी आणखी पुढे घ्यायला चालकाला सांगू नका.