पाच फिलॉसॉफर, पाच चॉपस्टिक्स आणि मेसचा भात

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सुधाराव्यात आणि तरीही उरतील त्या वाचकांनी पोटात घालाव्यात. (विषय पोटाचाच आहे!)

तर झालं असं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या लेक्चरला सर 'डायनिंग फिलॉसॉफर्स' शिकवत होते. हा विषय नसलेल्या सिव्हिल-मेकॅनिकलवाल्यांसाठी थोडक्यात: एका गोल टेबलाभोवती पाच तत्त्वज्ञ बसलेत, मधोमध भात आहे आणि दोघादोघांच्या मध्ये एक, अशा एकूण पाचच चॉपस्टिक्स ठेवल्यात. जेवायला दोन लागतात. आता प्रत्येकाने आपल्या डावीकडची उचलली आणि उजवीकडची मोकळी व्हायची वाट बघत बसला, की पाचही जण उपाशी. याला डेडलॉक म्हणतात. डायक्स्ट्राने १९६५ साली हे कोडं परीक्षेसाठी म्हणून तयार केलं. तेव्हा त्यात टेप ड्राइव्ह होते, तत्त्वज्ञ नंतर आले आणि त्यांच्या पुढ्यात होती स्पॅगेटी व हातात काटे. पण स्पॅगेटी एका काट्यानेही खाता येते की! मग दोन कशाला अडवून ठेवायचे? गॅल्विनच्या पुस्तकात काट्यांच्या जागी चॉपस्टिक्स आहेत, आणि ते जास्त पटतं. एका चॉपस्टिकने कोणालाच काही खाता येत नाही.

तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, पण दोन असल्या तरी चॉपस्टिकने भात खाता येतो का?" वर्ग हसला. सरही हसले आणि "आउट ऑफ सिलॅबस" म्हणून पुढे गेले.

मी हसले नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. गेल्या वर्षी एका स्टुडंट एक्स्चेंजमध्ये मी दहा दिवस जपानला जाऊन आले आणि त्यातले दोन दिवस ओसाकाजवळच्या एका कुटुंबात राहिले. तिथे मी काय घोळ घातला ते पुढे सांगते. आधी भाताचं बघू.

आपला मेसचा भात चॉपस्टिकने खाता येत नाही हे अगदी खरं. पण तो दोष चॉपस्टिकचा नाही, तांदळाचा आहे. तांदळातल्या स्टार्चमध्ये अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन घटक असतात. अमायलोज जास्त असेल तर भात मोकळा होतो, शितं सुटी राहतात. कमी असेल तर शितं एकमेकांना धरून बसतात. जपानमधला आखूड दाण्याचा तांदूळ या दुसऱ्या जातीचा. त्याचा घास भाकरीच्या तुकड्यासारखा उचलला जातो. शिवाय जपानी माणूस ताटातून भात खातच नाही. वाडगा डाव्या हातात उचलून तोंडाजवळ नेतो, म्हणजे चॉपस्टिकला जेमतेम वीतभर प्रवास करायचा असतो. मिसो सूपला चमचा नसतो, वाडग्यालाच तोंड लावून प्यायचं आणि आतले तुकडे चॉपस्टिकने खायचे.

यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे अख्खं स्वयंपाकघर या दोन काड्यांच्या हिशेबाने चालतं. चॉपस्टिक हा तिसऱ्या प्रकारचा तरफ आहे (अकरावीचं फिजिक्स आठवा). टेकू मागे अंगठ्याच्या बेचक्यात, जोर मध्ये बोटांचा आणि भार पुढे टोकाला. अशा तरफेत जोर वाया जातो पण हालचाल वाढते. म्हणजे शेंगदाणा अलगद उचलता येतो, पण मटणाचा तुकडा तोडता येत नाही. मग तोडायचं काम कोणी करायचं? सुरीने, आणि तेही ओट्यावरच. भाजी, मांस सगळं घासाएवढं चिरूनच कढईत जातं. बारीक चिरलेलं लवकर शिजतं, सरपण वाचतं, असंही एक स्पष्टीकरण चिनी स्वयंपाकाबद्दल नेहमी दिलं जातं. टेबलावर सुरी येत नाही. पाश्चात्य पद्धतीत जे काम जेवणारा करतो ते इथे रांधणाऱ्याने आधीच उरकलेलं असतं. आपल्याकडेही तसंच नाही का? घट्ट वरण, मोडता येणारी पोळी, मऊ भाजी, हे सगळं पाच बोटांच्या हिशेबाने बनलेलं आहे. वरण-भात काट्याने खाणाऱ्याची मला कीव येते आणि शाळेत दहा वर्षं ती मी स्वतःच होते!

आणि गंमत बघा, खुद्द चीनमध्ये चॉपस्टिक सुरुवातीला भातासाठी नव्हतीच. आनयांगजवळ यिनशू इथे शांग राजवटीच्या राजधानीच्या उत्खननात काशाच्या चॉपस्टिक्स सापडल्या, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या. पण त्या बहुधा उकळत्या भांड्यातून तुकडे काढायला वापरत असाव्यात. उत्तर चीनमध्ये तेव्हा मुख्य धान्य भात नव्हतं, राळ्यासारखं भरड धान्य होतं. ते शिजवून खायला चमचा लागायचा. 'लीजी' या जुन्या ग्रंथात तर असलं धान्य चॉपस्टिकने खाऊ नये असा नियमच आहे. पुढे गव्हाच्या शेवया आणि डंपलिंग आले, भात पसरला, तसा चमचा मागे पडत गेला. कोरियात मात्र तो टिकला. तिथे आजही भात आणि सूप चमच्याने खातात, बाकीचं चॉपस्टिकने, आणि त्याही धातूच्या, चपट्या. वाडगा उचलणं तिथे असभ्य. म्हणजे जपानमध्ये जो शिष्टाचार, शेजारच्या देशात तोच उर्मटपणा! लांबीचंही तसंच. चिनी चॉपस्टिक लांब आणि बोथट, कारण टेबलाच्या मधल्या सामाईक ताटापर्यंत हात पोचवायचा असतो. जपानी आखूड आणि टोकाला निमुळती, माशाचे काटे काढायला सोयीची.

आपल्या मंडळींना आकडे हवेतच, तर घ्या. १९९१ साली 'अप्लाइड अर्गोनॉमिक्स' या नियतकालिकात तैवानच्या दोन संशोधकांनी चॉपस्टिकच्या लांबीवर पेपर लिहिला. निरनिराळ्या लांबीच्या चॉपस्टिक्सने लोकांना खाद्यपदार्थ चिमटीत पकडायला लावले. मोठ्यांसाठी सुमारे २४० मिलिमीटर आणि शाळकरी मुलांसाठी १८० मिलिमीटर ही लांबी सर्वांत चांगली ठरली. हॉटेलांनी २१० ठेवावी असंही सुचवलं, कारण खर्चाचाही विचार करायचा. आता सांगा, आपले बीईचे प्रोजेक्ट याहून उपयोगी असतात का?

बरं, आता घोळ.

मी निघण्याआधी महिनाभर सराव केला होता. तिथल्या पहिल्या रात्री टेबलावर आई, वडील, माझ्याच वयाची मुलगी आणि आजी. माझं जपानी म्हणजे नमस्कार-चमत्कारापुरतं. गोडसर शिजवलेल्या भोपळ्याची फोड मी न टोचता, न पाडता उचलली, आणि इतका आनंद झाला की काय सांगू! शेजारी आजी बसल्या होत्या. आपल्याकडे आनंद झाला की माणूस दुसऱ्याला घास देतो. मी ती फोड तशीच आजींच्या चॉपस्टिकपुढे धरली, त्यांनी आपल्या चॉपस्टिकने घ्यावी म्हणून.

आजींनी हातातल्या चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. छोटी बशी दोन्ही हातांनी उचलून माझ्या चॉपस्टिकखाली धरली. मी फोड बशीत ठेवली, त्यांनी मान लववून खाल्ली. कोणी काही बोललं नाही. पण टेबलावर क्षणभर जे झालं ते मला कळलं. भाषा येत नसली तरी असली शांतता कळते.

रात्री त्या मुलीने अर्धं इंग्रजीत, अर्धं मोबाइलवर भाषांतर करून मला समजावलं. जपानमध्ये दहनानंतर नातेवाईक अस्थी चॉपस्टिकने उचलतात. दोघं मिळून एक हाड उचलतात किंवा एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये देतात, आणि कलशात ठेवतात. आधी पायाची, शेवटी डोक्याची, म्हणजे गेलेला माणूस कलशात उलटा व्हायला नको. चॉपस्टिकमधून चॉपस्टिकमध्ये काही देण्याची एवढी एकच वेळ. जेवताना ते कोणी करत नाही. तिचे आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले. आजींनी त्यांच्या अस्थी अशाच उचलल्या होत्या.

मला रात्रभर नीट झोप लागली नाही. माझे आजोबा गेले तेव्हा मी नववीत होते. तिसऱ्या दिवशी राख सावडायला बाबा आणि काका गेले. मला न्यायचा प्रश्नच नव्हता, आजीलाही नेलं नाही. अस्थी फडक्यात बांधून आल्या त्या घरातसुद्धा आल्या नाहीत, मागच्या अंगणात झाडाला टांगून ठेवल्या आणि मग नदीवर गेल्या. आजी खिडकीतून त्या झाडाकडे बघत बसायची. इथे या आजींनी मात्र स्वतःच्या हाताने, रोज जेवायच्या त्याच सवयीने, नवऱ्याची हाडं उचलली होती. कुठलं बरं आणि कुठलं वाईट ते मला ठरवता येत नाही. पण त्या हाताला मी भोपळा देऊ केला होता, एवढं खरं.

(जाता जाता: वाडग्यातल्या भातात चॉपस्टिक उभी रोवूनही ठेवू नका. मृताच्या उशाशी ठेवतात तो भाताचा वाडगा तसा असतो. आमच्या शाळेत काटा डाव्या हातात की उजव्या यावरून छड्या खाल्ल्यात मी, पण हा नियम पाठ करायला छडी लागत नाही.)

सकाळी उठल्या उठल्या आजींपुढे जाऊन "गोमेन नासाइ" म्हटलं. त्या हसल्या, "दाइजोबु" म्हणाल्या, म्हणजे काही हरकत नाही. मग माझा उजवा हात पुढे ओढला आणि बोटं दुरुस्त करायला लागल्या. महिनाभर मी चुकीचंच धरत होते! खालची चॉपस्टिक अंगठा-तर्जनीच्या बेचक्यात आणि अनामिकेवर टेकून गप्प राहते, ती हलतच नाही. हलते ती फक्त वरची, आणि ती पेनासारखी अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांच्यात धरायची. मी दोन्ही हलवत होते, कात्रीसारख्या. एकदा खालची स्थिर झाली की अर्धं काम झालं. दोन्ही टोकं मात्र एका रेषेत हवीत.

मग त्यांनी माझा अंगठा आणि तर्जनी काटकोनात ताणली आणि टोकापासून टोकापर्यंतचं अंतर मोजलं. याला 'अता' म्हणतात, आणि चॉपस्टिकची लांबी अता दीडपट असावी असा जुना ठोकताळा. माझी अता भरली १४ सेंटीमीटर. दीडपट म्हणजे २१. दुपारी दुकानातून बरोबर २१ सेंटीमीटरची लाखेची लाल जोडी आणून दिली. जपानी घरात प्रत्येकाची चॉपस्टिक वेगळी असते, दुसऱ्याची कोणी वापरत नाही. म्हणजे तो डेडलॉक तिथे व्हायचाच नाही!

परत आल्यावर ठरवलं, ही जोडी शोकेसमध्ये ठेवायची नाही, वापरायची. महिनाभर मेसमध्ये वापरली. पहिल्याच दिवशी मेसचे काका म्हणाले, "काय गं ताई, विणकाम करतेस काय?" तर माझा अनुभव असा. मॅगी: शंभरपैकी शंभर. भेंडी, बटाट्याच्या काचऱ्या, फ्लॉवर: उत्तम. पोहे: ओलसर असतील तरच. मटकीची उसळ: एकेक दाणा, लेक्चर बुडतं. वरण-भात: नाद सोडा. पोळी: हात लागणारच, मग चॉपस्टिक कशाला? रविवारी रूमवर इंडक्शनवर इंद्रायणीचा भात केला (वॉर्डन मॅडम, हे वाक्य वगळून वाचावे). इंद्रायणी मुळातच चिकट, त्यात पाणी थोडं जास्त घातलं. घास असा उचलला गेला की मागच्या बाकावरच्या त्या मुलाला बोलावून दाखवावंसं वाटलं!

पण खरा शोध वेगळाच लागला. रात्री कोडिंग करताना फरसाण चॉपस्टिकने खायचं. बोटं कोरडी, कीबोर्ड स्वच्छ, आणि शेव एकेक उचलावी लागत असल्याने पाकीट रात्रभर पुरतं. माझ्या रूममेटने तर कॉलेजबाहेरच्या हॉटेलातून आणलेल्या फुकटच्या लाकडी काड्यांवर सुरुवात केली. तिला मी अडवलं नाही, पण त्या एकदा वापरून फेकायच्या काड्यांसाठी किती झाडं जातात म्हणून चीनने २००६ साली त्यांच्यावर ५ टक्के कर बसवला होता, एवढं ऐकवलं. आता ती त्याच धुऊन वापरते.

सुट्टीत घरी गेले तेव्हा आजीला सगळं सांगितलं. भोपळ्याचंही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बघू दे तुझ्या त्या काड्या." धरल्या, उलट्यासुलट्या केल्या, आणि मी सांगितलं तशी खालची टेकवून वरची हलवून बघितली. तिसऱ्या खेपेला तिने ताटातला लिंबाच्या लोणच्याचा तुकडा उचलला. मी बशी पुढे केली.

कोणाला शिकायचं असेल तर शनिवारी रात्री जेवणानंतर लेडीज हॉस्टेलच्या खालच्या हॉलमध्ये या, आणि मुलांसाठी रविवारी कँटीनमध्ये. आधी बटाट्याच्या फोडी, मग शेंगदाणे. शेंगदाणे आपापले आणावेत.