पाळणाघर पाहायला जाताना
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

अंबरनाथ पूर्वेला स्टेशनातून बाहेर पडलं की भिंतींवर, विजेच्या खांबांवर, इमारतींच्या जिन्यात ज्या पाट्या दिसतात त्यांत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत एका पाटीची भर पडली आहे. शिकवणीवर्गाची पाटी पूर्वीपासून होती, 'घरगुती डबे मिळतील' हीही होती. आता त्यांच्या शेजारी 'पाळणाघर' असतं. कधी नुसतंच, हाताने रंगवलेलं. कधी इंग्रजी नाव, फुगे आणि अस्वलाचं चित्र. खाली वेळ लिहिलेली असते : सकाळी सात ते रात्री आठ.

ही वेळ वाचून थबकायला होतं. तेरा तास झाले की! पण हिशेब सरळ आहे. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस इथून साठेक किलोमीटरवर. लोकलने जायला साधारण दीड तास, यायला तेवढाच. त्यात घर ते स्टेशन, तिकडे उतरून कचेरीपर्यंतची बस, आणि मधले नोकरीचे आठ-नऊ तास. दोघंही नोकरीला असतील तर मूल जागेपणीचा बहुतेक वेळ पाळणाघरातच घालवणार. दादर-पार्ल्याच्या आईबापांनी जे चार प्रश्न विचारले तर भागतं, तिथे अंबरनाथ-बदलापूरच्या आईबापांना दहा विचारावे लागतात ते यामुळे.

यावर कुणी म्हणेल, कायदा आहे ना. आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यातच पाळणाघराची तरतूद होती. २०१७ साली प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, रजा सव्वीस आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय सक्तीची ठरली. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊन येण्याचा हक्कही मिळाला. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद आली आहे. उत्तम. पण कचेरी जर वांद्र्याला किंवा फोर्टात असेल, तर सकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये सहा महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन चढायचं कसं, हे कुठल्याच कलमात लिहिलेलं नाही. ज्यांची नोकरी आनंदनगरच्या एमआयडीसीत आहे त्यांनी मात्र ही सोय जरूर मागावी. अंगणवाडी आहे, पण ती काही तासांची. केंद्र सरकारची 'पाळणा' योजना आहे, ती अजून मोजक्या ठिकाणी. उरतं ते गल्लीतलं खासगी पाळणाघर. आणि ते कसं आहे हे तपासायला कुणी साहेब नेमाने येईल, या भरवशावर राहू नये. तपासणी आईबापांनीच करायची.

आधी अंतर. पाळणाघर घराजवळ असावं, स्टेशनाजवळ असलं तर मला ते दुय्यम वाटतं. स्टेशनाजवळचं सोयीचं असतं खरं. गाडीतून उतरलं की मूल घेऊन घरी. पण गाडीच आली नाही तर? २६ जुलै २००५ ला लोकल ठिकठिकाणी उभ्या राहिल्या आणि हजारो लोक त्या रात्री घरी पोचू शकले नाहीत. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली. एवढं मोठं संकट रोज येत नाही, पण सिग्नलचा बिघाड आणि कल्याणपुढची रखडपट्टी आपल्याला नवी नाही. म्हणून पहिल्याच भेटीत विचारावं : आम्ही रात्री दहापर्यंत आलो नाही, तर मूल कुणाजवळ असेल? 'असं होत नाही हो' हे उत्तर नव्हे. 'ते माझ्या घरी जेवेल आणि झोपेल' हे उत्तर आहे. मूल घ्यायला येऊ शकणाऱ्या दोन-तीन माणसांची नावं आणि फोटो त्यांनी तुमच्याकडून मागून घेतले, तर त्या बाई आपलं काम जाणतात असं समजा. जो येईल त्याच्या हाती मूल देणारं पाळणाघर सोडून द्या.

मग हात मोजा. इंग्लंडमध्ये दोन वर्षांच्या आतल्या दर तीन मुलांमागे एक माणूस असलाच पाहिजे, असा नियम आहे. आपल्याकडे तेवढं परवडत नाही, मान्य. पण एका बाईकडे आठ तान्ही बाळं असतील तर ती सांभाळत नाही, नुसती राखण करते. एकाला शी झाली, दुसऱ्याला भूक लागली, तिसरं पडलं, की उरलेली पाच देवाच्या हवाली. मोजायचं तर दुपारी चारच्या सुमारास, न सांगता जाऊन मोजा. सकाळी दहाला सगळं झाडलेलं-पुसलेलं असतं. चार वाजता मुलं उठून किरकिरत असतात, बायाही दमलेल्या असतात. त्या वेळी खोलीत मुलं किती आणि त्यांच्याकडे बघणारी माणसं किती, एवढंच पाहा. स्वयंपाकघरातल्या बाईला आणि फोनवर बोलणाऱ्या मालकिणीला मोजू नका. 'आधी फोन करून या' असा आग्रह धरणाऱ्यांचं मला कोडंच वाटतं. झोपेच्या वेळी गलका नको, हे कारण पटण्यासारखं आहे. पण मग कुठल्या वेळी फोनशिवाय आलेलं चालेल ते त्यांनी सांगावं.

झोपेचा विषय निघाला म्हणून थोडं मागे जातो. 'आमच्याकडे मुलं काही त्रास देत नाहीत, दुपारी दोन ते पाच सगळी चिडीचूप' हे वाक्य बऱ्याच ठिकाणी कौतुकाने सांगितलं जातं. १९२२ साली मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांकडून गिरण्यांत काम करणाऱ्या बायांच्या बाळंतपणांची पाहणी करून घेतली होती. त्यात असं आढळलं की या बायांच्या जवळजवळ सगळ्याच बाळांना अफूची गोळी दिली जाते. बाळागोळी म्हणत तिला. आई दहा तास साच्यावर, बाळ खोलीवर. ते झोपून राहिलं नाही तर करायचं काय? त्या आयांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. अफू गेली, पण सर्दी-खोकल्याच्या काही पातळ औषधांनी मुलांना गुंगी येते हे आज प्रत्येक घरात ठाऊक आहे. म्हणून पाळणाघरात पहिल्याच दिवशी लिहूनच द्यावं : आम्हाला फोन केल्याशिवाय कुठलंही औषध द्यायचं नाही. आणि मूल घरी आल्यावर रोजच सुस्त, जड डोळ्यांचं वाटू लागलं, किंवा दुपारी तीन-तीन तास झोपूनही संध्याकाळी पेंगत असेल, तर ते शहाणं झालं म्हणून खूश होऊ नये. डॉक्टरकडे न्यावं.

वर्षाच्या आतलं बाळ ते कसं झोपवतात, हेही डोळ्यांनी पाहा. उताणं झोपवायला हवं. अमेरिकेत १९९४ साली यासाठी मोठी मोहीम झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेतल्या अकस्मात मृत्यूंचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं. मऊ उशा, जाड गोधड्या बाळाच्या तोंडाशी नकोत. जेवण, पाणी, संडास, गच्चीचं दार, गॅस, उघडे प्लग, हे सगळं तर कुणीही पाहतं, त्यावर मी वेळ घेत नाही. एकच सांगतो, संडासात डोकावा. दिवाणखान्याच्या भिंतीवरचा मिकी माऊस तुमच्यासाठी रंगवलेला असतो.

आता कॅमेरा. २०१६ च्या नोव्हेंबरात खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला आयाने मारल्याचं उघडकीला आलं, ते सीसीटीव्हीच्या चित्रणामुळे. ते चित्रण दूरचित्रवाणीवर सर्वांनी पाहिलं. तेव्हापासून आईबाप पाळणाघरात शिरले की आधी छताकडे बघतात. पण नीट विचार करा : कॅमेरा तिथे होताच, आणि तरीही बाळाने मार खाल्ला. मार पडत असताना त्या चित्राकडे कुणी बघत नव्हतं. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या बदलापुरात, एका शाळेच्या बालवर्गातल्या दोन मुलींवर तिथल्याच सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याची तक्रार झाली. पोलिसांनी ती नोंदवून घेण्यासाठी पालकांना तासन्‌तास थांबावं लागलं. २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले. आणि मग शाळेतलं पंधरा दिवसांचं चित्रण मिळत नाही, असं खुद्द तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनी सांगितलं. तेव्हा 'कॅमेरा आहे का' हा प्रश्न अपुरा आहे. चित्रण किती दिवस ठेवता, ते कोण बघतं, मागितल्यावर आम्हाला दाखवाल का, हे विचारा. त्याहूनही आधी विचारा : मुलांना शू-शी करायला कोण नेतं? तिथे बाईच हवी, आणि ती कोण हे नावानिशी ठाऊक हवं. मालकिणीचा नवरा, मोठा मुलगा, पाणीवाला, या माणसांचा मुलांच्या खोलीत वावर किती? हा प्रश्न विचारताना जीभ अडखळते, समोरच्याचा अपमान होईल असं वाटतं. विचारावा तरीही. कामावरच्या माणसांची पोलिसांकडून पडताळणी करून घेतली आहे का, हेही त्याच दमात विचारून टाकावं.

मी कविता लिहिणारा माणूस, त्यामुळे कुठेही गेलो तरी कान आधी उघडतात. पाळणाघरात पाच मिनिटं गप्प बसून ऐका. मुलांशी कुणी बोलतंय का? 'गप', 'बस', 'नको', 'थांब' एवढ्याच शब्दांवर दिवस चाललाय, की कुणी एखाद्या पोराला 'बघ, कावळा आला, तुझी पोळी मागतोय' असंही म्हणतंय? तेरा तासांत कानावर शब्दच पडले नाहीत तर मूल बोलायला शिकणार कुणाकडून? टीव्ही बोलतो, पण तो उत्तराची वाट पाहत नाही. घरची भाषा वेगळी असली तर काळजी नको. आमच्यासारख्या घरांत मूल घरी दखनी किंवा कोकणी बोलतं आणि काकूंकडे मराठी. दोन्ही सुखाने नांदतात. आमच्या नात्यातलं एक पोरगं काकूंकडून अंगाई शिकून आलं आणि रात्री आजीलाच म्हणून झोपवू लागलं. डब्यात अंडं चालेल का, हे मात्र आधी विचारून घ्यावं. नाही म्हणाल्या तर रागावू नये. त्यांचं घर आहे. पण आपल्या मुलाचा डबा बाजूला बसवून खायला लावत असतील, तर ते घर आपल्या मुलासाठी नाही.

अशी सगळी चौकशी करून पाळणाघर ठरतं आणि पहिल्या सोमवारी आईबाप मूल ठेवून पळ काढतात. 'तुम्ही जा हो, दोन दिवस रडेल, मग गप्प होईल.' होतं गप्प. १९५२ साली लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी इस्पितळात आठ दिवस आईशिवाय राहिलेल्या एका दोन वर्षांच्या मुलीचं चित्रण केलं. ती फारशी रडत नव्हती. तोवर इस्पितळांची समजूत अशी की गप्प मूल म्हणजे रुळलेलं मूल. त्या चित्रपटात पोरीचा दाबून धरलेला चेहरा दिसला आणि डॉक्टरांमध्ये वाद पेटला. आईवडिलांना इस्पितळात मुलांजवळ येऊ द्यावं अशी शिफारस तिथे १९५९ च्या सरकारी अहवालाने केली. जर्मनीत पाळणाघरांची एक रीत आहे : पहिले तीन दिवस आई किंवा बाप तासभर मुलाबरोबर तिथेच बसतात, मूल सोडून जायचंच नाही. चौथ्या दिवशी काही मिनिटांसाठी बाहेर जाऊन बघायचं. सांभाळणाऱ्या बाईने समजूत घातली आणि मूल तिच्या हाताने शांत झालं, तर पुढे वेळ वाढवायचा. आपल्याकडे इतकी रजा कोण देतो, हे मला ठाऊक आहे. निदान आठवडाभर वाटून घ्या. दोन दिवस आईने, दोन दिवस बापाने, एखादा दिवस मावशीने. आणि निरोप घेतल्याशिवाय निघू नका. नजर चुकवून गेलेली आई पुन्हा केव्हाही नाहीशी होऊ शकते, हेच मूल शिकतं.

बापाने जावं असं मुद्दाम म्हणतो. पाळणाघराच्या दारात संध्याकाळी उभ्या असतात त्या बहुतेक आयाच. पाळणाघराचा शोध, फी, उशीर झाल्याचा फोन, ताप आल्याची रजा, सगळं तिच्याच डोक्यावर.

जी बाई प्रत्यक्षात मूल उचलते तिचाही विचार करायला हवा. मालकीण हसतमुख असते, बोलते गोड. दिवसभर मूल असतं ते आयाजवळ. तिला पगार किती, ती इथे किती दिवस आहे? दर तीन महिन्यांनी आया बदलत असेल तर मुलाला दर तीन महिन्यांनी नव्याने आई सोडावी लागते. अंबरनाथ-उल्हासनगरच्या चाळींतून येणारी ही बाई स्वतःचं लेकरू शेजारणीकडे ठेवून तुमचं सांभाळायला आलेली असते. फी शंभर-दोनशेने कमी म्हणून आपण जे पाळणाघर निवडतो, ते शंभर-दोनशे बहुधा हिच्या पगारातून गेलेले असतात. चार वर्षं एकाच जागी टिकलेली आया जिथे दिसेल, तिथे भिंतीचे पोपडे माफ करायला माझी हरकत नाही.

मूल रुळल्यावरही डोळे मिटू नयेत. आंघोळ घालताना अंगावर वळ, चिमटे दिसतात का. ठरावीक बाईचं नाव काढलं की मूल लपतं का. झोपेत दचकू लागलं का. चड्डी काढू देत नाही का. तसं काही दिसलं तर आधी मुलाचं ऐका, फोटो काढून ठेवा, डॉक्टरकडून लिहून घ्या. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो. सांभाळायला दिलेल्या मुलाला संस्थेतल्या माणसाने क्रूरपणे वागवलं तर २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७५ व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ठाण्यावर जाताना हे कलम कागदावर लिहून न्या.

आणि तसं काही नसेल, मूल संध्याकाळी तुम्हाला बघून धावत येतं, मग परत मागे वळून काकूंना टाटा करतं, तर महिन्याच्या एक तारखेला फी वेळेवर द्या, आणि आयाचं नाव काय ते विचारून घ्या.